पाय हलला

गाणी संपली आणि उपदेश सुरू व्हायचा असला, की मधल्या वेळात साक्षी होत. आठवड्याभरात देवाचा चांगुलपणा ज्याला जसा अनुभवाला आला, त्याने उभं राहून तो तसा सांगायचा, अशी त्या ख्रिस्ती मंडळीची पद्धत. पद्धत चांगलीच, पण दर रविवारी तीच माणसं उठणार आणि आपापल्या ठरलेल्या सुरात बोलणार. गाणं धरणाऱ्या ताई उठल्या की आवाजात आधीच पाणी. "प्रभूने मला माझा चष्मा परत दिला हो!" चष्मा डोक्यावरच होता, पण प्रभूने वेळेवर आरशासमोर नेलं. निवृत्त पोस्टमन उठले की सर्दीचा अख्खा प्रवास. "सोमवारी नाक वाहायला लागलं. मंगळवारी घसा धरला. बुधवारी, बंधुभगिनींनो, मी गुडघे टेकले." मग गुडघ्यांचं वेगळं.

आणि शेवटी उठत विश्वासअण्णा. अण्णांचं रंगाचं दुकान होतं, कोटाचं वरचं बटण भर उन्हाळ्यात लावलेलं असे, आणि कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. "अण्णा, धंदा कसा आहे?" "विश्वासाने!" "अण्णा, बस येईल का हो?" "विश्वासाने!" बस यायची नाही. अण्णा चालत घरी जायचे, विश्वासाने.

घडीकाकू मात्र साक्ष द्यायला कधी उठल्या नाहीत. कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, "आमचं बोलणं होतं देवाशी. पण ते असं चारचौघांत सांगण्यासारखं नसतं."

त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायच्या, म्हणून घडीकाकू. तिथे मोठी यंत्रं दिवसभर घरघरत, वाफेने भिंतींना घाम सुटे. पलंगाची मोठी चादर एकट्याने घडी करता येत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, झटकायचं, समोरासमोर चालत यायचं, आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, खाली वाकून मधली दुमड उचलायची. पुन्हा मागे जायचं. काकूंच्या समोर असायची तोफ. तिचा आवाज यंत्रांच्या वर जायचा म्हणून तोफ. देवाबिवावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तसं ती देवाच्या तोंडावर सांगायलाही कमी करणार नाही असं तिच्याकडे बघून वाटे.

काकूंचे यजमान चाव्या बनवत. रविवारी उपासनेहून घरी आले की टॉवेल कोटासारखा खांद्यावर घेऊन ते खोलीच्या मधोमध उभे राहत आणि सगळ्या साक्षी पुन्हा देत. ताईंचा रडवा सूर, पोस्टमनचं नाक, अण्णांचं छाती फुगवणं, सगळं हुबेहूब. "अहो, पुरे, पाप लागेल," असं म्हणत काकू उशीत तोंड खुपसून हसत. मूल नव्हतं. घरात दोनच माणसं, आणि गोंगाट दहा जणांचा.

मग एका सकाळी दुकानात चावी घासता घासता ते स्टुलावरून खाली आले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळ्या आवाजांतला एकही उरला नाही, स्वतःचासुद्धा नाही. उरले ते फक्त दोन शब्द: "अरे वा." भूक लागली, अरे वा. अंथरूण ओलं झालं, अरे वा. दुखलं की डोळ्यांतून पाणी गळायचं आणि तोंडातून तेच, "अरे वा, अरे वा." सुरुवातीला लोकांना हसू यायचं. काकूंना पहिल्या दिवसापासून आलं नाही.

घरी येणाऱ्या नर्सने माकडहाडापाशी लाल चट्टा पाहिला आणि काकूंना पलंगाच्या पायथ्याशी बोलावून घेतलं. "काकू, हे वरून दिसतंय तेवढंच नसतं. आत काय चाललंय ते दिसत नाही. पाठीवर वजन येऊ द्यायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, उजवी, डावी. चुकलात तर हे हाडापर्यंत जाईल, मग रक्तात विष भिनेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"मी कामावर असते हो दिवसभर."

"मग दिवसा माणसं बघा. जड आहेत ते, एकट्याचं काम नाही."

माणसं मिळाली, आणि मंडळीतलीच मिळाली. गाणं धरणाऱ्या ताई, पोस्टमनच्या मिसेस, पाळकबाई आणि आणखी एक-दोघी. जोडीजोडीने यायच्या, त्यांना वळवायच्या, पाठ पुसायच्या, उशी लावायच्या, काकूंच्या स्वयंपाकघरात चहा करून प्यायच्या आणि न आलेल्यांबद्दल बोलायच्या. चट्टा फिका पडू लागला. काकू कामावरून येऊन आधी पाठ बघत, मग चप्पल काढत.

आणि एका शनिवारी विश्वासअण्णा प्रार्थनेला आले.

अण्णांनी कोट काढला नाही. पलंगापाशी उभे राहून आधी हळू, मग चढत्या आवाजात प्रार्थना केली आणि भरात आल्यावर खाली वाकून तो लुळा उजवा पाय दोन्ही हातांनी धरला. "हाच पाय, प्रभू! हाच!" तळवा दाबला गेला, पाय ताडकन उडाला आणि अण्णांच्या पोटात बसला. मागच्या स्टुलावरचं पाण्याचं भांडं जमिनीवर.

"अरे वा," यजमान म्हणाले.

"हलला!" अण्णा पोट धरून काकूंकडे बघत ओरडले. "पाय हलला! ताई, बघितलंत ना?"

काकूंना माहीत होतं. नर्सने पूर्वीच सांगितलं होतं की असे झटके येतात, पाय आपोआप उडतो, त्यात माणसाचं काही नसतं. पण अण्णांचे डोळे भरून आले होते, चेहरा लहान पोरासारखा झाला होता. आणि काकूंना त्या क्षणी नर्स नको होती. त्यांना नवरा हवा होता, टॉवेल खांद्यावर घेतलेला.

"विश्वास धरता ना, ताई?"

"धरते," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा साक्षीला उठले ते जागेवर मावेनात. "आपले चावीवाले बंधू उठलेत! मी विश्वासाने सांगतो, उठलेत! मी हा हात लावला," हात वर, "आणि त्या पायाने मला ढकललं! आता ह्याविरुद्ध कुणी शब्द काढायचा नाही. देवाने दिलेलं आपल्या तोंडाने परत करायचं नाही!" टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि उपदेशाला सुरुवात केली. त्यांनाही ते खरं असायला हवं होतं.

त्या मंडळीत हे नवीन नव्हतं. मागितलेलं मिळालंच असं धरून आधीच आभार मानायचे, आणि एकदा आभार मानले की उलट बोलायचं नाही, असं तिथे बरेच जण मानत. नोकरीसाठी मानत, पावसासाठी मानत. आजवर त्यात कुणाचं फारसं बिघडलं नव्हतं.

सोमवारी पोस्टमनच्या मिसेस आल्या नाहीत. मंगळवारी रस्त्यात भेटल्या आणि काकूंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अभिनंदन! आम्ही तर रडलोच घरी." गाणं धरणाऱ्या ताईंचं वेगळं होतं. त्या दारापर्यंत आल्या, दारातच थबकल्या. "काकू, मी काय म्हणते, देवाने बरं केलंय आणि आपण रोज येऊन कूस बदलायची म्हणजे... त्याच्या कामावर अविश्वासच नाही का? मला रात्रभर टोचणी लागली हो." त्यांचा आवाज नेहमीसारखा पाण्याने भरलेला होता आणि ह्या वेळी ते पाणी अगदी खरं होतं. पाळकबाईंनी फोन केला, "तुम्हाला अडचण वाटली तर सांगा हं." आठवडा संपायच्या आत दुपारी दार वाजायचं बंद झालं.

काकूंनी अडचण सांगितली नाही. सांगायची तर काय म्हणून सांगायची? बरे झालेत पण कुशीवर वळवायला या? आणि मनाच्या तळाशी ती भीतीही होतीच. खरंच देवाने द्यायचं ठरवलं असेल आणि आपल्या एका वाक्याने माघारी गेलं तर? म्हणून त्या जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता घरी धावत, अंगाखालची चादर ओढून ओढून त्यांना एकटीने वळवत, आणि परत धावत. संध्याकाळी पाठ बघत. चट्टा फुटला. मग खोल झाला. मग खोलीला वास यायला लागला, आणि तो खिडकी उघडली तरी जाईना.

नर्सने जखम बांधली. निघताना एवढंच म्हणाली, "दिवसा कोण आहे?"

"देव आहे," काकूंच्या तोंडून गेलं. नर्सने त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली.

धुलाईखान्यात काकूंचे कोपरे जुळेनात. "चादरीला चारच कोपरे असतात गं," तोफ गरजली, "तुला पाचवा कुठून दिसतोय?" आणि काकू तिथेच, ओल्या चादरींच्या ढिगावर बसल्या. सगळं सांगितलं. तोफेने तोंड उघडं ठेवून ऐकलं.

"थांब, मला समजू दे. म्हणजे तो बरा झालाय. फक्त त्याला अजून कुणी कळवलेलं नाही?"

काकू हसल्या. हसता हसता त्यांना इतकं रडू आलं की तोफेने यंत्रामागे नेऊन उभं केलं.

"आणि तू गप्प? तुझ्या देवाला दिसत नाही का, काय चाललंय ते?"

"त्याला दिसतं गं," काकू म्हणाल्या. "त्याचीच तर भीती वाटते."

कारण आता त्यांना प्रार्थनाही करता येत नव्हती. पूर्वी भांडी घासताना, जिना चढताना देवाशी बोलणं चालू असे. कधी तक्रार, कधी थट्टा, कधी नुसतंच 'आलास का' असं. आता तोंड उघडलं की "बरं केलंस म्हणून आभार," एवढंच म्हणायचं; आणि मागे त्या खोलीतून तो वास. त्याच्या पुढ्यात रोज खोटं हसून उभं राहायचं. नवरा असून नसल्यासारखा झाला होता, पण तो निदान पलंगावर तरी होता. देव कुठे गेला, काकूंना कळेना.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ झाली. चष्मा झाला, सर्दी झाली. अण्णा कोटाचं बटण चाचपत उठणार, तेवढ्यात काकू उठल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. ताईंनी तर आताच रुमाल काढला.

"माझे मिस्टर बरे नाहीत," काकू म्हणाल्या. "पाय हलला नव्हता. तो झटका होता, मला तेव्हाच माहीत होतं. त्यांची पाठ कुजतेय. दिवसभर त्यांना कुणी वळवत नाही. तुम्ही येत होता तेव्हा बरी होत होती." थोडं थांबल्या. "एवढंच."

कुणाचं तरी पुस्तक खाली पडलं, ते कुणी उचललं नाही.

"ताई," अण्णा हळूच म्हणाले, "तोंडाला आवर घाला. देवासमोर उभ्या आहात तुम्ही."

"म्हणूनच बोलले, अण्णा. त्याच्यासमोर आणखी खोटं नाही बोलवत मला."

त्या बसल्या नाहीत. तशाच बाहेर पडल्या. रस्त्याने एकट्या चालताना त्यांना वाटत होतं, आता काहीतरी कोसळणार. देवाचं दान तोंडावर फेकून आलो आपण. कोपऱ्यापर्यंत त्या खांदे आवळून चालल्या, मार चुकवणाऱ्या माणसासारख्या. पुढचा रस्ता आला, मग पाववाल्याचं बंद दुकान, मग घराचा जिना. काहीच कोसळलं नाही. जिन्यात त्यांनी कठड्याला हात लावला आणि सवयीने म्हणाल्या, "आलास का?" आणि कितीतरी दिवसांनी तो आहे असं वाटलं. रागावलेला नव्हता. काही बोललाही नाही. बाई खोटं बोलायची थांबेल म्हणून जणू जिन्यातच वाट बघत उभा होता. काकू तिथेच पायरीवर बसल्या आणि कपाळ गुडघ्यांवर टेकून, बराच वेळ, त्याला सगळं खरं खरं सांगितलं. त्यात शिव्याही होत्या.

दुपारी दार वाजलं. दारात विश्वासअण्णा, कोट, बटण. चेहरा आवळलेला.

"मी तुमच्याशी बोलायला आलोय. तुम्ही सर्वांसमोर..."

"मागाहून बोला. पट्टी बदलायची आहे, या आत."

"मी प्रार्थना करतो."

"नंतर करा. आधी खांदा धरा. तो नाही, पलीकडचा. असं. आता तुमच्याकडे ओढा."

अण्णांनी ओढलं. यजमान कुशीवर आले, "अरे वा" म्हणाले आणि काकूंनी पट्टी सोडली. अण्णांना आधी वास आला, मग दिसलं. आत पांढरं काहीतरी होतं. त्यांचा चेहरा रंगाच्या डब्यातल्या चुन्यासारखा झाला. खांदा तसाच धरून ठेवत त्यांनी मान वळवली. "ताई, मला जरा..." आणि मग बाथरूमकडे धावले. बराच वेळ ओकण्याचे आवाज आले, मग नळाचा.

काकू एका हाताने नवऱ्याला टेकू देऊन उभ्या होत्या. गेले, त्यांना वाटलं. आता बाहेरच्या बाहेर जातील. नळ बंद झाला. अण्णा आले, कोट काढून, बाह्या वर करून. तोंड धुतलेलं, केस ओले. पलंगाच्या पलीकडे जाऊन त्यांनी पुन्हा खांदा धरला. "सांगा," म्हणाले, "कुठे धरू?"

त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केलीच नाही. जाताना विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

मग बाकीच्याही आल्या. ताई खरंखुरं रडत आल्या आणि काकूंनी त्यांना रडत रडत पाणी तापवायला लावलं. पोस्टमन स्वतः आले. त्यांना वळवायला जमेना म्हणून ते उशाशी बसून सर्दीच्या गोष्टी सांगत, आणि यजमान योग्य ठिकाणी "अरे वा" म्हणत. घर पुन्हा माणसांनी भरलं. पण जखम भरली नाही. ताप आला, उतरला, परत आला. इस्पितळाने काही दिवस ठेवून घरी पाठवलं. तिथल्या चादरी काकूंनीच घडी केलेल्या होत्या, आणि त्या तशाच घेऊन कुणीतरी त्यांच्या नवऱ्याखाली घातल्या होत्या. नर्स म्हणाली, उशीर झाला. कशामुळे ते म्हणाली नाही.

ते एका सकाळी गेले, डाव्या कुशीवर. अंग पुसलेलं होतं, खाली कोरडं होतं, काकूंचा हात गालाखाली होता. अण्णा पायाशी होते.

दफनानंतर काही दिवसांनी गादी टाकून द्यायची होती. ती भिजून भिजून जड झाली होती. अण्णा खालच्या बाजूने, काकू वरच्या बाजूने, अशी ती जिन्यातून उतरवायला घेतली. पहिल्याच वळणावर अडकली.

"उजवीकडे, अण्णा!"

"तुमचं उजवं की माझं?"

"अहो, भिंत नाही ते उजवं!"

गादी हलेना. खालून कुणीतरी विचारलं, "किती वेळ लागेल हो?" आणि अण्णांच्या तोंडून सवयीचं उत्तर आलं नाही. गादीपलीकडून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते.

"ताई."

"काय?"

"माझ्यामुळे गेले का ते?"

काकूंनी गादीवर कपाळ टेकलं. नाही म्हणायला सोपं होतं. जिना अरुंद होता, माणूस रडत होता, कुणीही नाही म्हणालं असतं.

"थोडे तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. "थोडे माझ्यामुळे. धरते म्हणाले ना मी. थोडे त्या सगळ्यांमुळे. आणि थोडे ते जाणारच होते, अण्णा. किती कुणामुळे ते मला नाही मोजता येत."

पलीकडे अण्णांनी नाक ओढलं. मग, "मी आता साक्ष कुठल्या तोंडाने देऊ? देव चांगला आहे असं मी कसं म्हणू?"

"तुम्ही ओकलात ना त्या दिवशी?"

"हो."

"मला वाटलं, गेलात. तुम्ही तोंड धुवून परत आलात आणि विचारलंत, कुठे धरू. मी इतकी वर्षं उपासनेला बसले, अण्णा. पण तो चांगला आहे हे मला जे कळलं, ते तिथे कळलं. बाथरूमच्या दारात." काकूंनी गादी आणखी घट्ट धरली. "माझा माणूस गेला तो गेलाच. ते मी देवाला माफ केलंय असं म्हणणार नाही. अजून भांडते. पण भांडायला तो आहे."

अण्णा मोठ्याने रडले. खालच्या माणसाला वाटलं, गादी अंगावर पडली, तो "अहो, लागलं का?" म्हणत वर धावला आणि त्याने गादीची मधली कड धरली.

"नाही लागलं," काकू वरून म्हणाल्या. "तुम्ही तिथेच धरा. अण्णा, डोळे पुसा आणि वाका जरा. आता ढकलते मी."

गादी भिंतीला खरवडत वळली.